दुकानात दिसलेला फरक घरी दिसेल का?

पत्र:

"आमचा जुना टीव्ही बंद पडला आणि नव्यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. ह्यांचं म्हणणं, घ्यायचा तर एकदाच आणि उत्तम: ५५ इंची ओएलईडी. म्हणजे पुढची दहा वर्षं बघायला नको. मला वाटतं, साधा ६५ इंची घेतला तर पडदाही मोठा मिळतो आणि बरेच पैसेही वाचतात. पाच वर्षांनी वाटलं तर दुसरा घेता येईल. दिवसभर टीव्ही माझे सासरे बघतात, बहुतेक वेळ बातम्या. त्यांची खुर्ची टीव्हीच्या एका बाजूला, कोपऱ्यात आहे. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज मोठा असतो. संध्याकाळी मुलगा गेम खेळतो. तो म्हणतो, आजोबांना आतल्या खोलीत छोटा टीव्ही लावून द्या. रात्री सगळे झोपले की आम्ही दोघं सिनेमा बघतो. सोफा नऊ फुटांवर आहे आणि टीव्हीच्या बरोबर समोर मोठी खिडकी. दुकानात महागडा सेट बघून माझेही डोळे दिपले, खोटं कशाला बोलू? पण तो फरक घरी आल्यावर दिसतो, की दुकानातच दिसतो?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

कोण कुठे बसतं, कधी काय बघतं, खिडकी कुठे आहे, सोफा किती लांब आहे, हे सगळं तुम्ही न विचारता लिहिलंत, ते फार बरं झालं. टीव्हीबद्दल विचारणारे बहुतेक जण दोन मॉडेलांची नावं देतात आणि 'यातला कोणता?' एवढंच विचारतात. त्याला नेमकं उत्तर देता येत नाही. तुम्हाला देता येतं, म्हणून आधी तेच देतो.

फरक खरा आहे आणि तो घरीही दिसतो. पण दिसतो तो मुख्यतः रात्री, दिवे मालवून सिनेमा बघताना. तुमच्याकडे टीव्ही सगळ्यात जास्त चालतो तो दिवसा, उजेडात आणि बातम्यांसाठी. म्हणून तुमच्या जागी मी ओएलईडी घेणार नाही. सगळ्यात स्वस्त ६५ इंचीही घेणार नाही. मिनी एलईडी बॅकलाइटचा (म्हणजे पडद्यामागे खूप बारीक दिवे असलेला), ६५ इंची, शक्य तर गेल्या वर्षीचा सेट घेईन आणि वाचलेल्या पैशांतून एक साउंडबार. आता हे का, ते सविस्तर सांगतो, कारण घरात दोघांनाही पटायला हवं.

दुकानात डोळे दिपणं साहजिक आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक सेट 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर असतो, म्हणजे ब्राइटनेस आणि रंग दोन्ही टोकाला नेऊन ठेवलेले. छतावरच्या प्रखर दिव्यांपुढे टिकायचं तर त्याला इलाजही नसतो. पडद्यावर जे फिरत असतं ते दुकानासाठीच तयार केलेलं असतं: संथ कॅमेरा, फुलं, पक्ष्यांचे पंख, रंगांचे फवारे. त्यात अंधारी खोली नसते, धावपळ नसते, साधा माणसाचा चेहराही क्वचितच. शिवाय दोन पडदे शेजारी शेजारी असले की आपला डोळा जो अधिक उजळ आणि किंचित निळसर असेल त्यालाच चांगला ठरवतो. घरी तुलनेला शेजारी दुसरा पडदा नसतो आणि डोळाही लवकर सरावतो. त्यामुळे दुकानातल्या फरकातला बराचसा भाग दुकानातच राहतो, ही तुमची शंका रास्त आहे.

जो भाग घरापर्यंत येतो तो काळ्या रंगाचा. 'एलईडी टीव्ही' म्हणून जे विकलं जातं ते आतून एलसीडी असतं: मागे दिवे आणि पुढे लाखो बारीक झडपा. झडप मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर पांढरं हे काळ्याच्या साधारण तीन ते सहा हजार पट उजळ असतं, आयपीएस प्रकारच्या पॅनेलवर जेमतेम हजार पट. ओएलईडीत मागे दिवाच नसतो. ४के पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके, स्वतः प्रकाश देतात आणि काळं दाखवायचं असेल तिथे ठिपका चक्क बंद होतो. 'क्यूएलईडी' हे नाव ऐकायला जवळचं असलं तरी तो एलसीडीच, फक्त दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा थर असतो. त्याने रंग खुलतात, काळं सुधारत नाही. (या क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा तो थरही काही कमी कौतुकाचा नाही.)

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? सिनेमातला एक प्रसंग धरा: रात्र आहे, एक माणूस कंदील घेऊन अरुंद बोळातून चाललाय. स्वस्त सेटवर बोळ काळा नसून राखाडी दिसतो. त्याचा कोट, मागची भिंत आणि भिंतीवरची सावली एकमेकांत मिसळून एक डाग होतो. चित्राच्या वर आणि खाली ज्या काळ्या पट्ट्या असतात त्या अंधाऱ्या खोलीत मंद उजळलेल्या दिसतात आणि पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यातून पांढुरका उजेड फुटलेला असतो. तोच प्रसंग ओएलईडीवर बघा. पट्ट्या भिंतीच्या अंधारात विरून जातात, कोटाच्या बाहीवरची चुणी दिसते, कंदिलाची काच आणि आतली ज्योत वेगळी कळते. तुमच्या यजमानांना जे हवंय ते हे आहे. ती हौस उगाच नाही. तुम्ही दोघंच असता आणि फक्त रात्री बघत असता, तर मी डोळे झाकून त्यांच्या बाजूने कौल दिला असता.

मिनी एलईडी हा या दोहोंमधला मार्ग. २०१९ मध्ये टीसीएलने असा पहिला टीव्ही बाजारात आणला आणि आता जवळजवळ सगळ्याच मोठ्या कंपन्यांकडे तो आहे. यात मागचे दिवे बारीक आणि संख्येने खूप जास्त असतात आणि ते शेकडो, कधी हजाराच्या वर विभागांत वाटलेले असतात. चित्राचा जो भाग काळा, तिथले दिवे मंद होतात. ओएलईडीइतकं काटेकोर ते नसतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं सबटायटल आलं की अक्षरांभोवती किंचित वलय दिसू शकतं. शोधायला गेलात तर दिसेल. पण वरच्या बोळातला कोट आणि भिंत तुम्हाला वेगळे दिसतील आणि पट्ट्या काळ्या राहतील. मॉडेल निवडताना विभागांची संख्या विचारा. जाहिरातीतल्या बाकीच्या विशेषणांपेक्षा ती जास्त सांगून जाते.

इथेच एचडीआरबद्दलही, म्हणजे अंधार आणि उजेडातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राबद्दलही, सांगून टाकतो, कारण खोक्यावर ते प्रत्येकाच्याच असतं. 'एचडीआर सपोर्ट' याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल टीव्हीला वाचता येतो. तो दाखवायला लागणारा उजेड त्याच्यात आहे असं नाही. जुन्या पद्धतीचं चित्र १०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) हिशेबाने बनवलं जायचं, एचडीआर सिनेमे बहुधा १,००० निट्स किंवा त्याहून वरच्या हिशेबाने बनतात. स्वस्त सेट २५० ते ३५० निट्सच्या आसपास दमतो. मग तो काय करतो, तर सगळं चित्र दाबून आपल्या आवाक्यात बसवतो आणि ते कधी कधी साध्या चित्रापेक्षाही मळकट दिसतं. चांगला मिनी एलईडी हजार निट्स आरामात ओलांडतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे दोन प्रकार दृश्यागणिक सूचना पाठवतात, साधा एचडीआर१० अख्ख्या सिनेमाला एकच. पण पडद्यात उजेडच नसेल तर सूचना कितीही नेमक्या असून उपयोग नाही.

आता दिवसाकडे येऊ, कारण तुमचा निर्णय खरं तर तिथे ठरतो. समोरच्या खिडकीतून येणारा उजेड पडद्यावर पडतो आणि परत डोळ्यांकडे येतो. त्या क्षणी पडद्याचं काळं किती काळं, हे पॅनेल ठरवत नाही, खिडकी ठरवते. ठिपका पूर्ण बंद असला तरी काचेवरचा उजेड त्याला राखाडी करतो. काही क्यूडी-ओएलईडी, म्हणजे क्वांटम डॉटचा थर असलेले ओएलईडी पडदे तर उजेडात किंचित जांभळट दिसतात. म्हणजे ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजायचे तो दिवसभर वापरातच येत नाही. त्याशिवाय पूर्ण पडदाभर पांढरं किंवा फिकट चित्र असलं की ओएलईडी आपला उजेड आपणहून कमी करतो, नाहीतर वीज आणि उष्णता झेपत नाही. मिनी एलईडीला ही अडचण बरीच कमी.

दुसरी गोष्ट बर्न-इनची. ओएलईडीचे ठिपके वापराने हळूहळू झिजतात. बातम्यांच्या वाहिनीचा कोपऱ्यातला लोगो आणि खालची लाल-पांढरी पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी असते, त्यामुळे तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतात आणि काही वर्षांनी तिची सावली कायमची बसू शकते. नवे सेट यापासून बचाव करतात. चित्र अधूनमधून किंचित सरकवतात, लोगो ओळखून तेवढा मंद करतात आणि बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना ठिपक्यांची दुरुस्ती चालवतात. मात्र रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर ही दुरुस्ती होतच नाही. रात्री सिनेमा आणि अधूनमधून बातम्या बघणाऱ्या घरात बर्न-इनची फार धास्ती घेऊ नये. पण एकच वृत्तवाहिनी रोज दिवसभर हा त्याच्यासाठी सगळ्यात वाईट वापर आहे.

यावर मुलाने सुचवलेला तोडगा सोपा दिसतो: आजोबांना आतल्या खोलीत छोटा टीव्ही. कृपा करून तसं करू नका. सासऱ्यांना स्वतःलाच एकांत हवा असेल तर गोष्ट वेगळी. पण नव्या टीव्हीचा पडदा जपायचा म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दिवाणखान्यातून उठवायचं, हे मला पटत नाही. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी चार शब्द बोलणं होतं ते त्या खुर्चीत बसून. त्यांना चालेल असाच टीव्ही घरात आला पाहिजे आणि तसा तो मिळतो.

त्यांच्या खुर्चीचा प्रश्न मात्र खरा आहे. व्हीए पॅनेल समोरून उत्तम दिसतं, बाजूने बघितलं की रंग फिके पडतात आणि काळं उजळतं. आयपीएस बाजूने चांगलं, पण रात्री त्याचं काळं राखाडी. बहुतेक चांगले मिनी एलईडी सेट व्हीए प्रकारचे असतात. यावर माझा उपाय म्हणजे हलत्या दांड्याचा वॉल माउंट. तो भिंतीपासून पुढे ओढता येतो आणि डावी-उजवीकडे वळवता येतो. सकाळी पडदा सासऱ्यांच्या खुर्चीकडे वळवायचा, रात्री सोफ्याकडे. वळवल्यामुळे तो खिडकीच्या बरोबर समोरासमोरही राहत नाही, तिरप बरोबर जुळली तर खिडकीचं प्रतिबिंब त्यांच्या नजरेतून बाजूला सरकतं. माउंट घेताना टीव्हीचं वजन आणि मागच्या चार भोकांमधलं अंतर तपासा, ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. भिंत पक्की आहे ना, हेही लावणाऱ्याकडून खात्री करून घ्या. बाहेर ओढलेल्या दांड्यावर ६५ इंची सेटचा ताण बराच येतो.

आकाराच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे यजमानांना खुशाल दाखवा. सोफा नऊ फुटांवर, म्हणजे साधारण पावणेतीन मीटरवर. तिथून ५५ इंची पडदा नजरेचा २५ अंशांचा कोन व्यापतो, ६५ इंची जवळजवळ ३० अंशांचा. सिनेमा आणि टीव्हीच्या तंत्रज्ञांची संस्था एसएमपीटीई हिने सुचवलेला आकडा ३० अंशांचाच आहे. ६५ इंची पडद्याचं क्षेत्रफळही ५५ इंचीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. ८केच्या नादाला मात्र लागू नका. डोळ्याची सर्वसाधारण क्षमता धरली तर ६५ इंची पडद्यावरचा ४केचा एकेक ठिपका वेगळा ओळखायला सव्वा मीटरवर बसावं लागेल. नऊ फुटांवरून त्याच्या चौपट ठिपके घेऊन काय करणार?

मुलाच्या गेमसाठी बघायचं ते एवढंच: पॅनेल खरोखर १२० हर्ट्झचं आहे का, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतं का. स्वस्त सेटच्या खोक्यावर 'मोशन रेट २४०' वगैरे लिहिलेलं असतं, आतलं पॅनेल ६० हर्ट्झचंच असतं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे २०२० पासूनचे कन्सोल ४के चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवू शकतात. 'एचडीएमआय २.१' एवढ्या शब्दांवर विसंबू नका, त्यातल्या बऱ्याच सोयी देणं कंपन्यांवर बंधनकारक नाही. पोर्टवर '४के १२०' लिहिलंय का आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग जुळवणारी सोय) आहे का, ते बघा. याचा फायदा तुम्हालाही आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा सावकाश फिरताना चित्र अडखळतं. १२० मध्ये प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा बसतं.

दहा वर्षांचा मुद्दा. पॅनेल दहा वर्षं टिकू शकतं, पण त्यातलं सॉफ्टवेअर तितकं टिकत नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये निवडक मॉडेलांसाठी सात वर्षांपर्यंत नव्या आवृत्त्या द्यायचं जाहीर केलं, एलजीनेही निवडक मॉडेलांसाठी पाच वर्षांची हमी दिली आहे. तेव्हा दहाव्या वर्षी महागड्या सेटचेही ॲप रडायला लागतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एचडीएमआयला छोटी स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. पण 'उत्तम घेतला की दहा वर्षं बघायला नको' हे गणित पडद्यापुरतंच खरं आहे.

तुमचं पाच-पाच वर्षांचं गणित पैशांच्या हिशेबात चुकीचं नाही, पण त्यात काही गोष्टी धरलेल्या नाहीत. अगदी स्वस्त सेटमध्ये प्रोसेसर कमकुवत आणि मेमरी तुटपुंजी असते. नव्याचे नऊ दिवस सरले की रिमोटचं बटण दाबून वाट बघत बसावं लागतं. काही अनोळखी ब्रँडच्या सेटवर स्ट्रीमिंग ॲपना लागणारं प्रमाणपत्रच नसतं, मग पडदा ४केचा आणि चित्र साध्या दर्जाचं. मोठ्या पडद्यावर केबलचं जुनं, कमी दर्जाचं चित्र ताणून दाखवायचं काम प्रोसेसरचं, तिथेही तो तोकडा पडतो आणि तुमच्या सासऱ्यांच्या वाहिन्या बहुधा तशाच दर्जाच्या असणार. मागच्या एलईडीच्या पट्ट्या सतत पूर्ण ब्राइटनेसवर चालल्या की तापून लवकर जातात. एक दिवा गेला की बऱ्याचदा अख्खी पट्टी विझते. दिवसभर चालणाऱ्या टीव्हीला हा धोका जास्त. कोणत्याही सेटमध्ये वॉरंटी संपल्यावर पॅनेल गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, हेही धरून चाला.

आवाजाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण घरातली रोजची कटकट तीच असावी असं मला वाटतं. पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या नाहीतर मागच्या बाजूला तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो, त्यात शब्द विरघळतात. ऐकू कमी येणारा माणूस मग आवाज वाढवतो, पण वाढतं ते संगीत आणि गोंगाट, शब्द तितकेच अस्पष्ट राहतात. महागड्या टीव्हीने हा प्रश्न फारसा सुटत नाही. संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला, पडद्याखाली ठेवायचा साउंडबार घ्या आणि त्यात संवाद ठळक करणारा मोड आहे ना ते बघा. तो टीव्हीच्या 'ईएआरसी' किंवा 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टला जोडायचा, म्हणजे एकाच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो. सासऱ्यांना घेऊन दुकानात जा आणि त्यांनाच ऐकू द्या. त्यांना बातमीदाराचा प्रत्येक शब्द कमी आवाजात कळला, तर या सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त सुख त्याच पैशांनी मिळेल.

दुकानात या वेळी रिमोट मागून घ्या आणि मोड बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये चित्रपटवाल्यांना बरोबर घेऊन ठरवला गेला, त्यात चित्र दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेल्या रंगांच्या जवळ राहतं आणि हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी प्रक्रिया बंद होते. (टॉम क्रूझने २०१८ मध्ये दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीबरोबर एक व्हिडिओ काढून लोकांना ती बंद करायची विनंती केली होती, इतकी ती सिनेमावाल्यांना खटकते.) पेन ड्राइव्हवर तुमच्या फोनमधले काही व्हिडिओ न्या: घरातल्या माणसांचे चेहरे, रात्रीचं एखादं चित्रण, कोणी धावतंय असं काही. ओळखीच्या माणसाच्या त्वचेचा रंग चुकला की लगेच कळतं. मग सासऱ्यांच्या खुर्चीचा अंदाज घेऊन बाजूला उभे राहा आणि तिथूनही बघा. सेटिंग्जचा मेनू उघडायला किती वेळ लागतो तेही बघा.

गेल्या वर्षीचं मॉडेल का, तर नवी मॉडेलं बहुधा जानेवारीत जाहीर होतात आणि पुढच्या काही महिन्यांत दुकानात येतात. तेव्हा जुन्याचा भाव उतरतो, आणि दोन वर्षांतला फरक अनेकदा नावापुरता असतो. विभागांची संख्या, निट्स आणि हर्ट्झ दोन्हींत सारखे असतील तर जुनंच घ्या. मात्र एक मेख आहे: एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत वेगवेगळी पॅनेलं असू शकतात. ५० इंचीत ६० हर्ट्झ आणि ६५ इंचीत १२०, किंवा एकात व्हीए आणि दुसऱ्यात आयपीएस. म्हणून कुठलंही परीक्षण वाचताना ते ६५ इंची सेटचंच आहे ना, ते आधी बघा.

सेट घरी आल्यावर पहिल्याच सेटअपमध्ये 'स्टोअर' आणि 'होम' असं विचारतील, तिथे 'होम' निवडा. दिवसासाठी एक आणि रात्रीसाठी एक मोड ठरवून ठेवा, रात्री बॅकलाइट बराच खाली आणा. डोळ्यांनाही बरं आणि दिव्यांचं आयुष्यही वाढतं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'तुम्ही काय बघता' ते ओळखून पाठवणारी सोय बंद करा. ती स्वस्त आणि महाग दोन्ही सेटमध्ये असते. परवानगी न घेता अशी माहिती गोळा केल्याच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला पैसे भरून तडजोड करावी लागली होती.

परत करण्याची मुदत संपायच्या आत पूर्ण पडदाभर राखाडी, पांढरं आणि काळं चित्र लावून तपासा. राखाडीवर डाग किंवा उभ्या पट्ट्या, पांढऱ्यावर मेलेला ठिपका, काळ्यावर कोपऱ्यातून फुटणारा उजेड. काही आढळलं तर लगेच व्हिडिओ काढून ठेवा आणि तोवर खोका टाकू नका. वाढीव वॉरंटी घेणार असाल तर त्यात पॅनेल धरलंय का, ते कागदावर वाचूनच सही करा.

दोन-तीन मॉडेलं मनात पक्की झाली की त्यांचे पूर्ण क्रमांक, आकारासकट, लिहून पाठवा. त्यातलं तुमच्या खोलीला कोणतं बरं ते मी बघून कळवेन.